व्हिडिओतली गाडी कुणाची, हे आधी विचारा

पत्र, थोडक्यात: "आम्ही कोपरखैरणेला माथाडी वसाहतीत राहतो. मिस्टर एपीएमसी मार्केटला कामाला आहेत. मुलगा सोळा वर्षांचा, वाशीच्या कॉलेजात अकरावी कॉमर्सला. वर्षभर घरात रॅपशिवाय दुसरं गाणं नाही. त्या व्हिडिओंत नोटा उधळणं, मोठ्या गाड्या, पिस्तूल, धूर आणि नाचणाऱ्या पोरी, याउपर मला काही दिसत नाही. आता त्याने चार मित्रांबरोबर स्वतःचं मराठी गाणं लिहिलंय आणि व्हिडिओसाठी पंधरा हजार मागतोय. पाम बीच रोडवर काळी एसयूव्ही, खेळण्यातलं पिस्तूल, त्यांच्याच वर्गातली एक मुलगी नाचायला, असं ठरलंय म्हणे. गाडी कुणीतरी दादा देणार आहेत. परवा सातवीतली धाकटी त्याचं ऐकून एक घाण ओळ गुणगुणत होती. तिला एक ठेवून दिली आणि मग मलाच रडू आलं. हे व्हिडिओ पोरांना बिघडवतात का? पैसे द्यावेत का? पोलिसांचं लचांड मागे लागेल का?"
एक आई, कोपरखैरणे

ताई,

पैशांचं आणि पोलिसांचं पुढे येईलच. पण पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'गाडी कुणीतरी दादा देणार आहेत', तिथून सुरुवात करू. बाकी सगळं एक वेळ हौस म्हणून सोडून देता येईल, हे नाही. सोळा वर्षांच्या मुलाला लाखोंची गाडी दिवसभर फुकट कोण देतं आणि बदल्यात काय मागतं, ते आज रात्री जेवताना विचारा. मित्राच्या मामाची आहे असं निघालं तर मामाला फोन करा, विषय संपला. उत्तर तोंडातल्या तोंडात आलं, किंवा ज्याच्या वाढदिवसाला चौकभर बॅनर लागतात आणि तलवारीने केक कापला जातो अशा कुणाचं नाव आलं, तर गाडी नको म्हणून तिथेच सांगून टाका. अशा माणसाला आधी व्हिडिओत आपलं नाव आणि बॅनर हवा असतो. पुढे गर्दी दाखवायला पोरं हवी असतात, त्यापुढे भांडणाला. रॅपने पोरगं वाया गेलं असं ज्या घरात म्हणतात, तिथे गाण्यापेक्षा असा फुकटचा दादाच जास्त कारणीभूत असतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता व्हिडिओंकडे वळू. तुम्हाला जे दिसतं ते त्यात आहेच, तुमची नजर चुकलेली नाही. फक्त ते कुठून आलं हे कळलं तर मुलाशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल. 'हे काय घाणेरडं बघतोस' एवढ्यावर कुठलंच संभाषण पुढे जात नाही.

हिपहॉपची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ पासून मोजतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, डीजे कूल हर्कने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तो हा दिवस. त्या दशकात साउथ ब्राँक्समधल्या इमारतींना आगी लागत होत्या, घरमालक त्या वाऱ्यावर सोडून जात होते, आणि वस्ती चिरत एक महामार्ग आधीच गेलेला होता. १९८२ च्या 'द मेसेज' या गाण्याच्या व्हिडिओत तुम्हाला सोनं दिसणार नाही. रस्ता, पडकी घरं आणि पोलिसांची गाडी दिसेल. आपली गल्ली, आपली पोरं आणि आपल्यावर आलेली वेळ दाखवणं, हा रॅप व्हिडिओचा सगळ्यात जुना विषय. रॅपरच्या मागे दहा-पंधरा पोरांचा घोळका उभा असतो ना, तोही तिथलाच. मी एकटा नाही, माझ्यामागे माणसं आहेत, असं तो घोळका सांगतो.

सोनं आणि गाड्या मागून आल्या. ज्या माणसांना बँका दारात उभ्या करत नव्हत्या, त्यांच्यासाठी कमाई म्हणजे अंगावर दिसेल तीच. १९८८ साली 'यो! एमटीव्ही रॅप्स' सुरू झाला, रॅप घराघरांतल्या टीव्हीवर गेला, कंपन्यांचा पैसा आला. १९९७ च्या आसपास तर चकाकणारे सूट, भले मोठे सेट आणि उधळपट्टी हाच साचा झाला. साचा एकदा विकला गेला की दुसऱ्याला तोच वापरावा लागतो. म्हणून आज पंजाब, पुणे, अटलांटा कुठल्याही व्हिडिओत तेच चार प्रकार दिसतात.

फुशारकीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर एकमेकांना सवालात अडकवून भर फडात खाली पाहायला लावायचे. मीच थोर, समोरचा कच्चा, असं त्या खेळात म्हणावंच लागतं. रॅपमधलं 'मी असा, मी तसा' बरंचसं त्याच जातीचं आहे. मुलाने गाण्यात 'मी राजा' लिहिलं म्हणून घाबरू नका. घरात पाण्याचा ग्लास उचलायलाही तो राजासारखा वागत असेल, तर ते दुखणं रॅपचं नाही.

आता प्रश्न परिणामांचा. २००३ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये एक अभ्यास आला. १४ ते १८ वयाच्या ५२२ कृष्णवर्णीय मुलींवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. जास्त रॅप व्हिडिओ बघणाऱ्या मुलींमध्ये शिक्षकावर हात उगारल्याचं प्रमाण तिप्पट आणि अटक झाल्याचं अडीचपट निघालं. हा आकडा बातम्यांत खूप फिरतो. पण त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आधीच भरकटलेली मुलगी असे व्हिडिओ जास्त बघत असेल, ही शक्यता अशा अभ्यासातून पुरती पुसता येत नाही. आम्हाला १९९५ चा एक छोटा प्रयोग जास्त बोलका वाटतो. त्यात ११ ते १६ वयाची ४६ मुलं होती. काहींना हिंसक रॅप व्हिडिओ दाखवले, काहींना हिंसा नसलेले, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांना काही गोष्टी देऊन मतं विचारली. हिंसक व्हिडिओ बघितलेल्यांना गोष्टीतली मारहाण जास्त रास्त वाटली, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांनी हिंसा नसलेले, नुसते झगमगाटाचे व्हिडिओ बघितले, त्यांनाही महागड्या वस्तूंवाल्या पात्रासारखं व्हावंसं जास्त वाटलं, आणि अभ्यास करणारा पुढे जाईल यावरचा विश्वास कमी भरला. प्रयोग छोटा आहे आणि परिणाम लगेचचा आहे, तरी दिशा कळते. पिस्तूल तुमच्या डोळ्यांत खुपतं म्हणून तुम्ही त्यावर बोलता. नोटांच्या बंडलावर घरात कुणी बोलत नाही, आणि काम मात्र तेच करून जातं.

दारू-धुराचंही तसंच. २००५ मधल्या अमेरिकेतल्या सर्वात लोकप्रिय २७९ गाण्यांची छाननी झाली, त्यात रॅप गाण्यांपैकी ७७ टक्क्यांत नशेचा उल्लेख सापडला, पॉप गाण्यांत ९ टक्क्यांत. म्हणजे मुलगा दिवसाला पंचवीस गाणी ऐकत असेल, तर नशा ही रोजचीच, साधी गोष्ट असल्यासारखी कानावर पडते. यावर भाषण देऊ नका. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं वय लागतं, ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे, आणि व्हिडिओतला ढग बऱ्याचदा धूर सोडणाऱ्या मशिनचा असतो, एवढं माहीत असलं तरी पुष्कळ.

मशिन म्हटलं म्हणून सांगतो. या सगळ्यावर आमच्या माहितीतला सगळ्यात चांगला उतारा म्हणजे हे व्हिडिओ बनतात कसे ते मुलाच्या हातून करून बघणं. एकच युक्ती जवळून पाहा. रॅपर गाडीपासून कॅमेऱ्याकडे चालत येतो. चाल जड, संथ, जणू सगळं गाव त्याचं. पण ओठ मात्र गाण्याशी नेमके जुळतात. हे कसं होतं? शूटिंगच्या वेळी गाणं स्पीकरवर दुप्पट वेगाने वाजवतात. तो बिचारा भराभर बडबडत, जवळजवळ धावल्यासारखा चालतो. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम टिपतो. एडिटिंगला तेच २५ फ्रेमवर आणलं की शरीर संथ होतं आणि ओठ मूळ गाण्यावर बसतात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, लेन्स रुंद, त्यामुळे पाच फूट चार इंचाचा पोरगा ताडमाड दिसतो. फोनवर ०.५ लिहिलेली लेन्स याच कामाची. गच्चीवर अर्ध्या तासात हे जमतं. मुलाला मित्राबरोबर करायला सांगा आणि कच्चं फुटेज मूळ आवाजासकट बघा. हसून हसून पोट दुखेल. त्यानंतर तो दुसऱ्याच्या व्हिडिओतला रुबाब वेगळ्या नजरेने बघेल.

मग त्याच्या आवडीचे तीन व्हिडिओ त्यालाच निवडायला सांगा आणि एकत्र बसा. पहिल्यांदा आवाज बंद. वहीत पाच रकाने आखा: गाडी, पैसा-दागिने, हत्यार, बाई, स्वतःची वस्ती. प्रत्येक शॉटला टिंब. मग चित्र उलटं ठेवून नुसतं गाणं. शेवटी दोन्ही एकत्र. बऱ्याच वेळा गाण्यात आईची, कर्जाची, मित्राच्या मरणाची ओळ असते आणि त्याच ओळीवर चित्रात गाडी फिरत असते. हे त्याला स्वतःला दिसू द्या, तुम्ही बोट दाखवू नका. तासाभरापेक्षा जास्त ताणू नका आणि मध्ये मिस्टरांना 'आमच्या वेळी' सुरू करू देऊ नका.

'बाई' या रकान्यावर थोडं थांबावं लागेल, तुमच्या घरात सातवीतली मुलगी आहे म्हणूनही. बाईला चेहरा आहे का, की शॉट मानेखालीच कापलाय? ती बोलते का? तिला नाव आहे का? ती कुठे निघाली आहे, की फक्त गाडीला टेकून उभी आहे? अमेरिकेत २००४ साली अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजच्या विद्यार्थिनींनी एका बड्या रॅपरच्या व्हिडिओतल्या बायकांच्या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला होता. त्या कॉलेजात त्याच्या संस्थेचा कार्यक्रम ठरला होता, तो शेवटी झाला नाही. त्या मुली रॅप ऐकणाऱ्याच होत्या, ऐकतो म्हणून हेही ऐकून घ्यायचं का, असा त्यांचा सवाल होता. त्याच्याही दहा-अकरा वर्षं आधी, १९९३ साली, क्वीन लतीफा या अमेरिकन रॅपर बाईने रस्त्यावरच्या छेडछाडीवर आणि बायकांना दिल्या जाणाऱ्या शिव्यांवर 'युनिटी' हे गाणं केलं आणि पुढे त्याला ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे महादेव कोळी समाजातून आलेली माही जी आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते. मुलीला आणि मुलाला दोघांनाही हे दाखवा. रॅप म्हणजे पुरुषांनी पुरुषांसाठी केलेला आरडाओरडा, असं धाकटीला वाटायला नको.

धाकटीच्या त्या ओळीचं असं करा. मुलाला शांतपणे म्हणा, या ओळीचा अर्थ मला सांग, एकेक शब्द. सांगता येणार नाही. मग म्हणा, जे मला सांगता येत नाही ते घरात स्पीकरवर वाजायचं नाही, इअरफोन वापर. मुलीला अर्थ तुम्हीच सरळ शब्दांत सांगा आणि मारल्याबद्दल तिला सॉरी म्हणा, तिने फक्त चाल उचलली होती. ती तेराच्या आतली असेल तर यूट्यूबवर तिच्यासाठी पालकांच्या देखरेखीचं खातं उघडता येतं. 'रिस्ट्रिक्टेड मोड'वर मात्र विसंबू नका. मराठी-हिंदी शिव्या त्यातून सर्रास निसटतात. मुलाच्या फोनवर वॉच हिस्टरी एकदा पुसून टाकायला सांगा आणि ऑटोप्ले बंद करा. एकासारखे दहा व्हिडिओ समोर येतात ते त्या हिस्टरीवरून.

आता पोलिसांचं. लचांड लागू शकतं, आणि ते गाण्यापेक्षा शूटिंगमुळे लागण्याची शक्यता जास्त.

पिस्तूल नको. खेळण्यातलं असलं तरी रस्त्यावर रोखलेलं पिस्तूल लांबून खरंच दिसतं, कुणीतरी ११२ ला फोन करतं आणि मग सांगत बसावं लागतं. ठाणे आणि नवी मुंबई पोलिस आयुक्तालयांचे हत्यारं बाळगण्याविरुद्धचे मनाई आदेश वरचेवर निघतात. तलवार, कोयता तर अजिबात नको. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं, आणि स्टेटसला तलवारीचा फोटो ठेवून गुन्हा ओढवून घेतलेली पोरं राज्यात कमी नाहीत. पंजाब सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरात हत्यारांचं जाहीर प्रदर्शन आणि त्यांचा उदो उदो करणारी गाणी यांवर बंदीच घातली. लंडनमध्ये पोलिसांच्या सांगण्यावरून २०१८ साली यूट्यूबने ड्रिल या हिंसेवरच्या रॅप प्रकाराचे तीसेक व्हिडिओ काढून टाकले. याची दुसरी बाजूही मुलाला सांगा. रॅपच्या ओळी म्हणजे गुन्ह्याची कबुली असं धरून खटले चालायला लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा करून त्याला आवर घातला. वस्तीतल्या खऱ्या हिंसेबद्दल लिहिणारा आणि हत्यार मिरवणारा, यांत फरक आहे. त्याने गाणं त्या फरकासकट लिहावं.

पाम बीच रोड नको. गाड्या तिथे सुसाट असतात, थांबायला जागा नाही, आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला पोरगा म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगचा गुन्हा. पाचांपैकी कुणीही अठराच्या आत स्टिअरिंगला हात लावला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. भाड्याची गाडी घेतो म्हणाला तर नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने दिली आणि ठोकली, तर विमा कंपनी हात वर करते.

लोकलच्या दारात लटकून, रुळांवर उभं राहून शॉट घ्यायची या वयात भारी खुमखुमी असते. रुळांवर गेल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड आहे. जिवाचं तर सांगायलाच नको. महापालिकेची उद्यानं, मार्केट, स्टेशन यांना परवानगी लागते. फोन हातात धरून गल्लीत चार पोरांनी केलेल्या शूटला सहसा कुणी अडवत नाही. स्टँड, लाइट आणि गर्दी जमली की विचारणा होते. खाडीकडे खारफुटीत शिरू नका, ती संरक्षित आहे. ड्रोनचं मनातही आणू नका, आता नवी मुंबईत विमानतळ आहे.

वर्गातली ती मुलगी. तीही अठराच्या आतली असणार. तिच्या आईवडिलांची लेखी संमती नसेल तर तिचा एकही शॉट नको. आणि अल्पवयीन मुलीला अंगविक्षेप करायला लावून टिपलेलं चित्रण पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात येऊ शकतं, तिथे 'आमची मैत्रीण आहे' चालत नाही. तिला यायचंच असेल तर तिला चार ओळी द्या, म्हणू दे. बहुधा या पाचांपेक्षा बरी म्हणेल.

शब्दांतही दोन ठिकाणी जपा. जातीवरून एक शब्दही नको, ॲट्रॉसिटी कायदा गाणं-बिणं बघत नाही. आणि शाळेतल्या सरांचं किंवा कुणा पुढाऱ्याचं नाव घेऊन डिस ट्रॅक, म्हणजे समोरच्याची उणीदुणी काढणारं गाणं, करायचा असेल तर मोठ्या माणसाने आधी ओळी वाचाव्यात. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजकारणावरच्या एका मराठी रॅपबद्दल आपल्याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला, गुन्हा दाखल झाला होता. घाबरून गप्प बसा असं आम्ही म्हणत नाही, पण सोळाव्या वर्षी काय म्हणतोय हे घरच्यांना माहीत असावं.

इतकं सगळं नको-नको झाल्यावर व्हिडिओत उरतं काय? भरपूर. नेझी या रॅपरने २०१४ साली 'आफत' आयपॅडवर केलं, कुर्ल्यातल्या आपल्या वस्तीत. २०१५ च्या 'मेरे गली में'मध्ये गल्ल्याच आहेत. स्वदेशी या गटाने प्रकाश भोईर यांच्याबरोबर वारली लोकांच्या जमिनीवर गाणं केलं. यातल्या एकालाही काळी एसयूव्ही लागली नाही. तुमच्या मुलाच्या आसपास पहाटे एपीएमसीत उतरणाऱ्या गाड्या आहेत, कोपरखैरणे गावातल्या बोळी आहेत, सिडकोच्या घरांचे जिने आहेत, सारसोळेची जेट्टी आहे. बापाच्या पाठीवरच्या गोणीबद्दल १९६९ साली माथाडी कायदा व्हावा लागला, हा विषय अंधेरीच्या पोराला सुचणार नाही. पण हे तुम्ही सुचवू नका. आईने सुचवलं की ते आपोआप बोअर होतं. फक्त विचारा, 'या गाण्यात असं काय आहे जे कोपरखैरणेबाहेरच्या कुणाला लिहिता आलं नसतं?' आणि उठून कामाला लागा.

पैसे द्या, पण पंधरा नाही. सहा हजार द्या, तेही दोन हप्त्यांत.

पहिले तीन गाण्यासाठी. पोरं यूट्यूबवरून 'फ्री टाइप बीट', म्हणजे गाण्यामागचं तयार संगीत, उचलतात आणि तिथेच फसतात. 'फ्री' म्हणजे बहुतेकदा कमाई न करता वापरायला फ्री. गाणं चाललं की बीटवाला यूट्यूबच्या कॉन्टेंट आयडी या यंत्रणेतून हक्काचा दावा लावतो आणि जाहिरातीचा पैसा त्याच्याकडे जातो, किंवा गाणंच उतरवावं लागतं. साध्या, अनेकांना विकल्या जाणाऱ्या बीटचं लायसन्स साधारण २० ते ३० डॉलरच्या घरात मिळतं. पावती आणि लायसन्सची पीडीएफ तुमच्या ईमेलवर ठेवा. किंवा बँडलॅब या ॲपवर स्वतः बीट बनवू दे, ते फुकट आहे. गाणं लांबवू नये. ९० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांवर, सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) सुमारे ४३ सेकंदांत संपतात. सोळाचे दोन अंतरे आणि आठ बारचा हुक, म्हणजे ध्रुवपद, तीन वेळा, अडीच मिनिटांत गाणं पूर्ण. पाच जणांना प्रत्येकी सोळा बार दिले तर ऐकणारा तिसऱ्यालाच पळतो. रेकॉर्डिंग घरी, कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर, पाठीमागे गोधडी टांगून. पंखा बंद, माइक तोंडापासून एक वीत, आणि आवाजाची पातळी सर्वात जोरातही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. पातळी फुटली की मिक्सिंगवाल्यालाही ती दुरुस्त करता येत नाही.

दुसरे तीन व्हिडिओसाठी: ट्रायपॉड, एक बरा ब्लूटूथ स्पीकर नसेल तर तो, आणि सगळ्यांचा चहा-वडापाव. फोन २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवायला सांगा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं आणि मग पोरांना फोन खराब वाटतो. सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळं येतं. प्रत्येक जागी संपूर्ण गाणं निदान तीनदा म्हणून घ्यावं, तुकडे घेतले की एडिटिंगला ओठ जुळत नाहीत.

एखादी कंपनी किंवा 'लेबल' करार घेऊन आलं तर मुलाने कुठेही सही करायची नाही. अठराच्या आतल्याने केलेला करार कायद्याने मुळातच टिकत नाही, म्हणून ते सही तुमची मागतील. वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नका. यूट्यूबच्या कमाईचं खातंही तोवर तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावानेच उघडावं लागेल, पासवर्ड दोघांकडे असू दे.

दुसरा हप्ता गाणं पूर्ण ऐकल्याशिवाय देऊ नका. फोनच्या स्पीकरवर ऐका, इअरफोनवर ऐका, आणि एकदा शेजारच्यांच्या गाडीत. तिन्ही ठिकाणी शब्द स्वच्छ कळले तर मिक्सिंग झालं. नाही कळले तर परत पाठवा, व्हिडिओ आठवडाभर थांबेल.